बाहेरगावच्या फोनची वही

आमच्या दूध संघाच्या मंगळवार पेठेतल्या कचेरीत यज्ञेश्वर नावाचा कॉम्प्युटर ऑपरेटर होता. माणूस इतका घुमा, की टेबलाशी उभं राहून खाकरलं तरी मान वर करायचा नाही. मी टायपिस्ट, त्याच्यापासून दहा पावलांवर. आम्ही सगळ्या जणी त्याला मौनीबाबा म्हणायचो. आई गेल्यापासून तो खोलीवर एकटाच राहतो आणि खानावळीत जेवतो, एवढंच ठाऊक होतं.

दुपारी साडेबाराला मात्र त्याला वाचा फुटायची. गगनबावड्याच्या शीतकरण केंद्रातही एक कॉम्प्युटर होता. तिथल्या गणपतरावांना यज्ञेश्वर फोनवरून एकेक हुकूम अक्षर अक्षर सांगायचा. ते टाइप करायचे, पडद्यावर काय उमटलं ते वाचून दाखवायचे, मग पुढचा हुकूम. सकाळच्या दुधाचे आकडे असे इकडे यायचे. शेवटी गणपतराव ओरडायचे, अगदी मला ऐकू येईल असे, "जेवलास काय रं? न्हाय? मग ऊठ की!" आणि यज्ञेश्वर हसायचा. दिवसभरात तेवढंच.

अठ्ठ्याऐंशी साली गणपतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पडद्यावरची हिरवी अक्षरं दिसेनात, चुका व्हायला लागल्या. म्हाताऱ्याचा त्रास वाचावा म्हणून यज्ञेश्वरनं संघाला टेलिफोनला जोडायचं मोडेम घ्यायला लावलं आणि तीन आठवडे खपून एक प्रोग्रॅम लिहिला. तो प्रोग्रॅम आधी इथल्या मशीनवरची कामं उरकायचा, मग स्वतःच फोन लावून तिथल्या मशीनला हुकूम द्यायचा, उत्तर तपासायचा, चुकलं तर पुन्हा द्यायचा. चार मिनिटांत आकडे हजर. साहेबांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला यज्ञेश्वर रिसीव्हरवर हात ठेवून बसला होता. बाहेरगावी फोन करायचा तर वहीत काम लिहावं लागे. नुसतं बोलायचंय, हे काम म्हणून कसं लिहिणार? त्यानं हात काढून घेतला. असे दोन महिने गेले.

मग एके दिवशी प्रोग्रॅम मध्येच थांबला. यज्ञेश्वरनं लगबगीनं वहीत कारण लिहिलं आणि फोन लावला. पलीकडचा आवाज नवा होता, तोही दणदणीत.

"कोण बोलतंय, पावणं?"

"गणपतराव आहेत का?"

"ते व्हय? ते गेलं की घरला. मशीन आपलं आपण चालतंय म्हटल्यावर त्येंचं काय काम? महिना झाला."

यज्ञेश्वर "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. साहेबांनी बिघाड कुठं होता विचारलं, तेव्हा सरळ सांगून मोकळा झाला, "मीच प्रोग्रॅममधली एक ओळ काढली होती." ती ओळ त्यानं परत टाइप केली. आकडे आले.

पाऊण वाजला होता. तो तसाच बसून होता. फक्त दहा पावलं होती. मी उठून एवढंच विचारायचं होतं, जेवलास का. मी टाइप करत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.