उत्तराची वाट किती पाहायची

मोबाइल अजून फार थोड्यांकडे होते, तेव्हाची गोष्ट. मी वर्ध्यात कॉम्प्युटर शिकवायचो. आम्ही काही मित्रांनी रक्तदात्यांची यादी केली होती. ती वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेतल्या माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर असायची. पुलगावचे एक ओळखीचे डॉक्टर आणि आसपासचे आणखी काहीजण टेलिफोनच्या लाइनवरून तिथे जोडून घ्यायचे आणि हवा तो रक्तगट शोधायचे. प्रोग्राम मी पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता.

त्यात एक खोट होती आणि ती मला माहीत होती. मध्येच लाइन तुटली, तर प्रोग्रामला ते कळायचंच नाही. समोरचा अजून काही विचारेल म्हणून तो वाट पाहत बसायचा, आणि तोवर दुसऱ्या कुणाला उत्तर द्यायचा नाही. सॉकेटला, म्हणजे त्या जोडणीला, टाइमआउट लावायचा होता. इतके सेकंद थांब, मग सोडून दे, एवढंच सांगायचं. एका ओळीचं काम. दिवाळीनंतर बघू म्हणून मी ठेवून दिलं.

एका दुपारी मी शिकवायला गेलो असताना हिंगणघाटहून कुणीतरी जोडलं आणि लाइन तुटली. मागोमाग पुलगावच्या डॉक्टरांनी लावलं. त्यांच्याकडे भाजी पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याची बायको होती. बाळंतपणानंतर रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह हवं होतं. पडद्यावर ‘शोधत आहे’ एवढंच. एरवीही वेळ लागायचाच, म्हणून डॉक्टर थांबले. दवाखान्यातला एकुलता एक फोन त्यातच अडकलेला. पाऊण तासानं त्यांनी वायर उपटली आणि वर्ध्याला माणूस धाडला. रक्त संध्याकाळी पोचलं. नुकतीच जन्मलेली मुलगी वाचली, बाई आधीच गेली होती.

डॉक्टर म्हणाले, तशीही कदाचित वाचली नसती. त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, हे कळत होतं.

तेरवीनंतर मी त्या बाईच्या नवऱ्याकडे गेलो. तो वांग्याला पाणी देत होता. मी खोट सांगितली, काम टाळलं हेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“मंग त्या मशीननं नाई म्हनून काऊन नाई सांगितलं?” तो म्हणाला. “नाई म्हनलं असतं तं मी तेव्हाच वर्ध्याले निंघालो असतो.”

तो पुढच्या सरीकडे वळला.

घरी येऊन मी दहा सेकंदांचा टाइमआउट लावला. लाइन तोडून तपासलं. बरोबर चालत होता. पण पुलगावहून पुन्हा कुणी जोडलं नाही. डॉक्टरांनी यादी कागदावर मागवून घेतली. दाते गाव सोडून गेले, नंबर बदलले. वर्षभर मी कॉम्प्युटर चालू ठेवला, मग बंद केला.