बोअरचं खारं आणि समुद्राचं खारं

पट्टेवाली मादी कुशीवर तरंगत होती आणि तिचा एक डोळा छताकडे लागला होता. कल्ला हलत होता, पण बंद पडायला आलेल्या घड्याळाचा काटा हलतो तसा, जागच्या जागी. कोळंबी तळाच्या वाळूवर पांढरी पडली होती, उकडल्यासारखी. लांब काळा मासा दगडाला टेकून होता. काडीने ढकलला तर ढकलला तिकडे गेला. सकाळचे सात वाजले होते, मे महिना होता, आणि माशांच्या काचेच्या पेटीतला निळा दिवा काही झालंच नाही असा जळत होता. रिकामी बादली माझ्या पायाशी होती. आदल्या संध्याकाळी त्याच बादलीने मी पेटीत पाणी भरलं होतं.

मासे माझे नव्हते. थोरल्या बहिणीचे होते, आणि ती धुळ्याला गेलेली होती.

मी तिला फोन लावला आणि सांगितलं, तुझे मासे मरताहेत. दुसरं कसं सांगायचं असतं ते मला माहीत नाही. अक्का म्हणाली, आता त्यात काही घालू नको, हवेची नळी चालू ठेव, मी मिळेल त्या गाडीने निघते.

धुळ्याहून जळगावला यायला एसटीला अडीच-तीन तास लागतात. तेवढा वेळ मी स्टूल टाकून पेटीसमोर बसले. करण्यासारखं काही नव्हतं.

अक्काचे यजमान रेल्वेत होते. गुजरातेत समुद्राकाठच्या एका गावी त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि तीस वर्षं अक्काच्या मागच्या दारातून समुद्र दिसत होता. ते वारल्यावर ती धुळ्याला मुलाकडे आली आणि तिथे तिला झोप लागेना. आवाज नाही, म्हणायची. तेव्हा भाच्याने कुठून कुठून शिकून तिला ही खाऱ्या पाण्याची काचेची पेटी करून दिली. पट्टेवाल्या नारिंगी माशांची जोडी, एक पिवळा, एक काळा, एक कोळंबी आणि दोन गोगलगायी. सात जीव.

इकडे माझे यजमान गेल्यावर मी चार वर्षं या घरात एकटी काढली. मुली आपापल्या घरी आहेत. एकटीसाठी तवा तापवणं जिवावर यायचं, म्हणून दोन वेळचं एकदाच करायची आणि ओट्यापाशी उभ्यानेच खायची. दीड वर्षापूर्वी अक्का दोन महिन्यांसाठी म्हणून आली, ती टेम्पोत पेटी घालून. मासे पिशव्यांत, पिशव्या तिच्या मांडीवर. एरंडोलला टेम्पो चहाला थांबला तर लोक भाव विचारू लागले. दोन महिने झाले, ती राहिली. मी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, पडद्यांवर पाणी मारायचो आणि फरशीवर आडव्या व्हायचो. खोलीत तेवढा एक निळा दिवा. पेटीतलं पाणी हलायचं आणि त्याची जाळी छतावर हलायची, भिंतीवरून उतरून अक्काच्या तोंडावर यायची, तिथून माझ्या हातावर. मी समुद्र पाहिलेला नाही. पण डोळे अर्धे मिटले की वाटायचं, घर पाण्याखाली गेलंय आणि आपण तळाशी पडून आहोत. भांड्यांची मांडणी, देवाचा कोनाडा, शिवणयंत्र, सगळं जागच्या जागी, आणि ऊन कुठेतरी फार वर, आपल्याशी संबंध नसल्यासारखं. अक्का झोपेतल्या आवाजात सांगायची, आता ओहोटी लागली असेल, बाया चिखलात उतरल्या असतील. खरंखोटं तिला ठाऊक. मी हं म्हणायची. बोलताबोलता कोण आधी झोपलं ते कळायचं नाही.

होळीच्या आधी धुळ्याला भाच्याने अक्कासाठी काढलेल्या खालच्या मजल्यावरच्या खोलीचं काम झालं. तो न्यायला आला. अक्का माझ्यासमोरच त्याला म्हणाली, हे जीव पुन्हा एकदा हलवले तर जगायचे नाहीत, ते आहेत तोवर मी इथे. तो परत गेला. मासे गेले की अक्का जाणार, हे त्या दिवशी मला कळलं. आणि आता ते मीच मारत होते.

कसं ते सांगते. नातीच्या साखरपुड्याला चार दिवस जाताना अक्का दहा लिटरचा एक कॅन भरून ठेवून गेली. मासेवाल्या दुकानदाराच्या पाणी गाळायच्या मशीनचं पाणी ती नेहमी आणायची. पेटीतलं पाणी उडून जातं, काचेवर खूण केली आहे, कमी झालं की तिथवर कॅनमधलं घाल, एवढंच तिने सांगितलं होतं. कूलरच्या वाऱ्याने पाणी भराभर उतरलं आणि तिसऱ्या दिवशी कॅन संपला.

मी विचार केला. मासे समुद्राचे. समुद्र खारा. आमच्याकडे नळाच्या पाण्याला गोड म्हणतात आणि बोअरच्या पाण्याला खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. मग अंगणात खारं असताना खाऱ्या माशांना दुकानातलं गोड पाणी कशाला? अक्काला हे सुचू नये याचंच मला नवल वाटत होतं. त्यात ते पाणी महिनोन् महिने तेच. आम्ही बायका सकाळी उठलो की कालचं शिळं पाणी झाडाला ओततो, हंडा घासतो, ताजं भरतो. शिळं पाणी पाहुण्याला कुणी देत नाही. अक्का महिन्यातून एकदा थोडं पाणी बदलायची, पण मीठ मोजून, खारेपणा बघायच्या यंत्राला डोळा लावून. ते मला चोचले वाटायचे. मी अर्धी पेटी उपसून मोरीत ओतली आणि तेवढंच बोअरचं ताजं पाणी भरलं. काम चांगलं झालं असं वाटून जेवायला बसले.

अक्का साडेअकराला आली. चपला न काढता सरळ पेटीपाशी गेली. आम्ही दोघी एकमेकींशी अहिराणीच बोलतो.

"कितलं पानी बदलं?"

"अर्धं."

"कोनतं भरं?"

"बोअरनं. खारं शे ना ते."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आवं, त्याम्हा मीठ शे का? त्याम्हा चुना शे," ती म्हणाली. "सत्तर वरीसनी व्हयनी तू. चाखी तरी देखती."

चाखायला काय झालं, तेच पाणी मी रोज पीत होते. बोलायला शिकले तेव्हापासून त्याला खारं म्हणत आले होते. एका शब्दात दोन पाणी असतील हे चौथीपर्यंतच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, नंतरही नाही.

तिने छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्राला डोळा लावला. पाणी उडालं तरी मीठ पेटीतच राहतं, आणि ते निम्मं मी मोरीत ओतलं होतं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, मीठ एकदम वाढवाल तर उरलेलेही जातील, थेंबाथेंबाने वाढवा, दीड-दोन दिवस लागू द्या. तो स्वतः स्कूटरवर एक कॅन घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, बोटं कायम पाण्यात असल्यासारखी सुरकुतलेली. माझ्या बोअरच्या पाण्यात त्याने क्षार मोजायचं पेनासारखं मीटर बुडवलं, आकडा पाहिला आणि मला विचारलं, हे पिता? पिते म्हटलं. मुतखडा? मागे एकदा काढलाय म्हटलं. त्याने मीटर पुसून खिशात ठेवलं.

अक्काने त्याच्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवलं आणि औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणवली. कॅन शिवणयंत्रावर, नळी पेटीत. माशांना सलाईन लावलं, असं शेजारीण म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. त्या दोन दुपारी मला नीट आठवत नाहीत, किंवा फार नीट आठवतात. थेंब पडायचा, पाण्यावर एक वर्तुळ उठायचं, छतावर ते मोठं होऊन भिंतीपर्यंत यायचं आणि विरायचं. मग पुढचा. आम्ही आडव्या पडून छताकडे बघत होतो. कधी वाटायचं थेंब माझ्याच कपाळावर पडतोय, कधी वाटायचं सलाईन यजमानांना लागलंय आणि मी दवाखान्याच्या बाकड्यावर आहे, नर्स येईल, मला उठवेल. डोळे उघडले की निळा उजेड आणि अक्काची पाठ. तिची धुळ्याची बॅग दाराशी होती तशीच होती. उघडली नव्हती.

पहिल्या दुपारी मादी गेली. अक्काने तिला हातात घेऊन अंगणात नेलं, मोगऱ्याच्या बुडाशी.

पाणी तर रोज लागणार होतं. दुकानदार म्हणाला, मी किती दिवस वाहू, घरी मशीन बसवा. अक्का हे वर्षभर सांगत होती, पिण्यासाठीही. मीच नाही म्हणत होते, कारण ते मशीन जेवढं पाणी देतं त्याच्या दुप्पट-तिप्पट गटारात सोडतं, आणि आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. ज्या बाईने डोक्यावरून हंडे आणले तिला हे पटत नाही. आताही पटलेलं नाही. पण दाराशी ती बॅग होती, म्हणून मी म्हटलं, बसवू.

आधी कंपनीची मशीनं विकणारा एक टायवाला माणूस आला. त्याने त्याच्या मशीनचं पाणी मला ग्लासात दिलं. तापात तोंडाची चव जाते तशी त्याची चव. उरलेलं पाणी घशाखाली उतरावं म्हणून मी त्यात चिमूटभर मीठ टाकून ठेवलं. तो तोवर अक्काला सांगत होता की तुम्ही रोज काय विष पिता ते आता डोळ्यांनी बघा. त्याने दोन ग्लास शेजारी मांडले, एक बोअरचा, एक त्याचा, दोन्हींत लोखंडी सळया सोडल्या आणि बटण दाबलं. बोअरचं हळूहळू गढूळ झालं. त्याचं भसकन झालं, वर हिरवट मळी आली. तो ग्लासाकडे बघतच राहिला. "त्यात मी मीठ टाकलंय भाऊ," मी म्हटलं. अक्काने पदर तोंडाला लावला. तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि हसणं थांबेना म्हणून आत निघून गेली. दुकानदाराने नंतर सांगितलं, ते सळयांचंच गंजणं असतं, पाण्यात क्षार जास्त तितकं लवकर. म्हणजे त्या माणसाच्या खेळात तथ्य नव्हतं. माझ्या बोअरमध्येही चांगलं काही नव्हतं, ते वेगळं.

त्याचं मशीन माशांना चाललंच नसतं. माणसांना चव लागावी म्हणून ते शेवटी पाण्यात पुन्हा क्षार मिसळतं, आणि माशांना तर मीटरचा आकडा शून्य हवा. मीठ आपण मोजून घालायचं, दुसरं काही त्यात नको. माणसाला शून्याचं पाणी गोड लागत नाही, माशाला गोडाचं चालत नाही. दोन मशीनं ठेवायला ओट्यावर जागा नव्हती. शेवटी दुकानदाराने पहूरचा एक मिस्त्री पाठवला. त्याने सुटे भाग जोडून एकच मशीन भिंतीवर बसवलं आणि गाळणीच्या पडद्यातून पाणी निघालं की तिथेच नळीला फाटा काढला. एक फाटा चवीच्या नळकांड्यातून आमच्या माठाकडे, दुसरा उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या बारीक मण्यांच्या नळकांड्यातून माशांच्या कॅनकडे. मशीनला नळाचंच पाणी द्यायचं, बोअर धुण्याभांड्याला. बोअर दिलं तर पडदा वर्षही टिकणार नाही म्हणाला. फेकलेल्या पाण्याची नळी मी गटारात सोडू दिली नाही, खाली बादली ठेवायला लावली. झाडांना घालू नका आजी, क्षार फार, फरशी पुसा, असं तो म्हणाला. हल्ली आमची फरशी दिवसातून दोनदा पुसली जाते.

मशीन सुरू झालं त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला. मी ओट्यापाशी होते, अक्का खोलीत. मासे गेले ना, मग रविवारी गाडी घेऊन येतो, तो म्हणत होता. त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी नळ बंद केला.

"अजून तीन जन जित्ता शेतस," अक्का म्हणाली. मग बराच वेळ तीच बोलत होती. दुकानदाराने तिला सांगितलं होतं की पट्टेवाल्यांत मादी गेली की मागे राहिलेला नर हळूहळू स्वतःच मादी होतो. ते तिने भाच्याला सांगितलं. बाई गेल्यावर घर कुणीतरी चालवायला पाहिजे, म्हणाली. भाचा हसला असावा. रविवारी तो आला नाही.

फोन ठेवून ती ओट्यापाशी आली आणि माठातलं नवं पाणी प्यायली. कसं लागतं विचारलं तर म्हणाली, लागत काहीच नाही. मी तिला दुसरा ग्लास भरून दिला. तिने बॅग आत नेली.

काळा मासा, पट्टेवाली मादी, कोळंबी आणि एक गोगलगाय मेली. पट्टेवाला नर, पिवळा मासा आणि दुसरी गोगलगाय जगली. अक्का इथेच आहे.