न मागता येणारी टोपली

बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. जिन्यात चपला साचतात तसे तेही दाराशी साचत जातात. त्यातून माझं दार दिवसभर उघडं! आमचे हे सकाळी सातिवलीच्या कंपनीत जातात ते रात्रीच उगवतात, मुलगा पुण्याला. मग बंद दाराआड बसून भिंतीशी काय बोलायचं? लोक म्हणतात, पेडणेकर वहिनींना चौकशा फार. असू देत. पण समोरच्या सामंत काकांचे किस्से माझ्याइतके कुणाकडे नाहीत, हे सगळी बिल्डिंग मान्य करते.

*

काकी गेल्यावर सामंत काका फारसे बोलायचे नाहीत. सकाळी दूध घ्यायचे, दार लावून घ्यायचे. एक दिवस ते दार उघडलं आणि काका थेट माझ्या उंबऱ्यावर.

"वहिनी, आपल्याकडे टेक्समेक्स चांगलं कुठं मिळतं?"

मला वाटलं, गच्ची गळतेय, तिला लावायचं काहीतरी असेल. म्हटलं, "स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे विचारा. पावसाच्या आधी लावून घ्या!"

काका हसले. काकी गेल्यानंतर पहिल्यांदाच! म्हणाले, "अहो, ते खायचं असतं."

मी त्यांना आत बसवलं, चहा टाकला, आणि सगळं काढून घेतलं.

*

काका-काकी सहा महिने मुलाकडे, प्रशांतकडे टेक्सासला जाऊन आले होते. मुलगा-सून सकाळी गाड्या काढून कामाला जायचे. मग ही दोघं एवढ्या मोठ्या घरात घड्याळाकडे बघत बसायची. रस्त्यात चिटपाखरू नाही, शेजारी कोण राहतं ते दिसायचं नाही. काकी म्हणायच्या, "इथं पेडणेकर वहिनी असत्या तर आत्तापर्यंत सगळ्यांची नावं कळली असती!"

चालत जाता येईल असं एकच ठिकाण होतं. छोटंसं टेक्समेक्स हॉटेल, म्हणजे टेक्सासच्या पद्धतीचं मेक्सिकन खाणं. बसल्याबरोबर, न मागता, मक्याच्या कुरकुरीत तुकड्यांची टोपली यायची आणि वाटीत टोमॅटोची लाल चटणी. टोपली संपली की वाढणारी बाई पुन्हा भरून आणायची. टोपलीचे पैसेसुद्धा नाहीत! त्या बाईला मराठी येत नव्हतं, काकींना इंग्रजी येत नव्हतं, पण दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या.

पहिल्या दिवशी काकी घाबरल्या. "अहो, ही पुन्हा भरतेय! आपण उठायचं कधी?"

"मग रोज जायला लागलो," काका म्हणाले. "जन्मभर हिने मला आधी वाढलं आणि माझं झाल्यावर स्वतः जेवली. तिथं पहिल्यांदा समोरासमोर बसून एका टोपलीतलं खाल्लं. पण सवय कुठे जाते? मी पहिला तुकडा उचलून खाल्ल्याशिवाय ही हात घालायची नाही."

चहा गार झाला. मीही बघितलं नाही, त्यांनीही नाही.

*

हे सगळं आत्ताच का आठवलं, त्याचंही कारण होतं.

काकींच्या दहाव्याला तळ्यावर पिंडाला कावळा शिवला नव्हता. मी गेले नव्हते, पण मला कळलं. मला कळतंच. प्रशांत म्हणाला, "आई, मी बाबांकडे नीट बघेन." कावळा भिंतीवर ढिम्म. काकींचा भाऊ म्हणाला, "ताई, घराची काळजी करू नकोस." कावळ्याने मान फिरवली. उन्हं वर आली तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं.

"हिचं काहीतरी राहिलंय वहिनी," काका म्हणाले. "दिवाळीनंतर वर्षश्राद्ध आहे. पानात हिच्या आवडीचं वाढायला हवं. साड्या-दागिन्यांत जीव नव्हताच हिचा. त्या टोपलीत होता."

मी म्हटलं, "काका, वसई-विरार पालथं घालू!"

*

पहिली स्वारी अंबाडी रोडच्या एका एसी हॉटेलात. बोर्डावर लिहिलेलं : मुघलाई, चायनीज, मेक्सिकन. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले. वेटर आला. "सर, ऑर्डर?"

"आधी आणा तर."

"क्या लाऊँ, सर?"

"जे न मागता येतं ते."

वेटर मॅनेजरकडे गेला. दोघं आमच्याकडे बघत कुजबुजले. मग पाणी आलं. काका वाट बघत बसले. कांदा-लिंबू आलं. काका म्हणाले, "अजून काही?" पुन्हा कुजबूज. शेवटी वेटरने अदबीने बडीशेप आणून ठेवली!

काका मला हळूच म्हणाले, "वहिनी, बडीशेप म्हणजे आता निघा."

*

नालासोपाऱ्याला एका गाडीवर 'मेक्सिकन डोसा' मिळतो, असं मीच शोधून काढलं होतं. गाडीवाल्याने डोशावर मका टाकला, चीज किसलं, सॉस ओतला, चायनीजच्या शेवया टाकल्या, पुन्हा चीज किसलं.

काकांनी शांतपणे विचारलं, "इसमें मेक्सिकन क्या है?"

"साहब, ऊपर से सब मेक्सिकन है. नीचे डोसा है!"

"तुम कभी गये थे उधर?"

"नहीं साहब. मैं भाईंदर से आगे नहीं गया."

काकांनी तो डोसा सगळा संपवला. मी म्हटलं, "आवडला?" म्हणाले, "नाही हो. पण त्यानं विचारलं, एक की दो? बऱ्याच दिवसांत असं कुणी विचारलं नव्हतं."

*

आता मी आणि काका आठवड्याला हॉटेलं फिरतोय म्हटल्यावर बिल्डिंग गप्प बसेल? सेक्रेटरीची बायको जिन्यात आडवी आली. "काय वहिनी, आज कुठला प्रोग्रॅम?"

मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "जा की. फक्त माझ्यासाठी पार्सल आणा." यांचा स्वभाव असा. पण मी खालच्या मजल्यावरच्या फिलूला सोबत घ्यायला लागले. फिलू ख्रिस्ती, मूळची वटार गावची, माहेरची केळीची वाडी, तोंड माझ्याहून जोरात. दोघं गेली की लोक बघतात. तिघं गेली की त्याला पिकनिक म्हणतात!

विरारच्या एका नव्या हॉटेलात आम्ही दोघी हात धुवायला गेलो. परत येतो तर वेटर काकांच्या समोरची खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाला न्यायला निघालेला. काका खुर्चीचा पाय धरून बसलेले. "राहू द्या. आहे त्या जागेवर कुणीतरी."

फिलूला वाटलं, आमच्यासाठीच. ती पटकन जाऊन त्या खुर्चीत बसली. मी बसले नसते.

*

दर रविवारी सकाळी प्रशांतचा फोन यायचा. एकदा काकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि फोनचा स्पीकर लावला, म्हणाले, "चटणीत काय घालतात ते तुम्ही नीट ऐका, मला स्वयंपाकातलं कळत नाही."

"कुठलं हॉटेल बाबा?" प्रशांत म्हणाला.

"अरे, तुझ्या घरापुढचं. कोपऱ्यावर वळून. आम्ही रोज दुपारी जायचो."

"रोज? तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तू दमून यायचास."

 मग म्हणाला, "बाबा, इथे टेक्समेक्सची शेकडो हॉटेलं आहेत. पुढच्या वेळी आलात की नेटवर बघून एकदम बेस्टला नेतो."

"मला इथं हवंय."

"वसईत? बाबा, पिझ्झा मागवा ना!"

काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "काम फार असतं हो त्याला." मी काही विचारलंच नव्हतं.

*

शेवटी फिलूच पेटली. "कसलं हॉटेल काका! मक्याचं पीठ आणा, बघू."

पहिली भाकरी तव्यावरच मोडली, दुसरीचा चुरा झाला. मी कपाळावर हात मारून घेतला तर फिलू म्हणते, "मोडू दे की! तुकडेच करायचेत ना?" मग पिठाला थोडी कणीक लावून पातळ पोळ्या लाटल्या, त्रिकोणी कापल्या, तळल्या. टोमॅटो भाजून, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून लिंबू पिळून चटणी. श्राद्धाला चालावी म्हणून बिनकांदा-लसणाची.

काकांनी एक तुकडा खाल्ला. आम्ही दोघी परीक्षेच्या निकालाला उभ्या.

"मीठ कमी झालं का, काका?"

"नाही." मग चटणीत आणखी एक तुकडा बुडवून, "तिथं असंच होतं."

फिलूने टाळी दिली. मी म्हटलं, "चला, सुटलो! आता हॉटेलं शोधायला नकोत."

काकांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा माझ्या दारात. "वहिनी, पाचूबंदरच्या वाटेवर एक नवीन उघडलंय म्हणतात. एकदा खात्री करून घ्यायला हवी ना?"

यांचं जेवण झाकून ठेवलं आणि फिलूला हाक मारली.

*

वर्षश्राद्धाला गच्चीवर पान मांडलं. खीर, वडे, आमटी, भात, आणि शेजारी फिलूने माहेरून आणलेली वेताची छोटी टोपली, लाल चटणीची वाटी. गुरुजींनी विचारलं, "हे काय?"

"हिच्या आवडीचं," काका म्हणाले.

केलं कुणी, हे गुरुजींनी विचारलं नाही. आणि मीही, आयुष्यात पहिल्यांदाच, आपणहून काही सांगितलं नाही.

कावळा आला. पाण्याच्या टाकीवर बसला. पानाकडे बघेना. काकांनी मोबाईल वर धरला, त्यातून प्रशांत म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी नक्की येतो." कावळा हलला नाही. फिलू म्हणाली, "काकी, मी रोज डोकावेन." मी म्हटलं, "काकी, माझं दार उघडंच असतं." कावळ्याने चोच टाकीला घासली. ऊन चढलं. गुरुजी दर्भाची जुडी सोडायला लागले.

"थांबा," काका म्हणाले.

ते कठड्याला धरून खाली बसले. पानासमोर मांडी घातली, टोपली आपल्या आणि पानाच्या मधोमध सरकवली आणि एक तुकडा उचलला.

"अहो सामंत! यजमानांनी आधी खायचं नसतं!" गुरुजी ओरडले.

काकांनी तो चटणीत बुडवला आणि खाल्ला. कुरकुर आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

पंख फडफडले. कावळा टोपलीच्या काठावर! एक तुकडा उचलून टाकीवर गेला. परत आला. दुसरा नेला. मग त्याच्या मागून आणखी एक आला. काका जागचे हलले नाहीत, त्यांचं आपलं चाललेलं, एक तुकडा त्यांचा, एक तिकडचा. बघता बघता टोपलीचा तळ दिसायला लागला.

काकांनी मान न वळवता हाक मारली.

"वहिनी, बघताय काय? टोपली भरा!"