रक्त चाखलेला बुलुल

माझा धाकटा दीर पुगोंग लाकूड कोरायचा. हात असा की बघत राहावं; अक्कल मात्र बेताचीच. आमच्या भाताच्या कोठारात बुलुल असतात, बसलेल्या नवरा-बायकोची लाकडी जोडी. धान्य राखतात, त्यांना आम्ही देवासारखं जपतो. तसेच बुलुल पुगोंग बाजारातल्या व्यापाऱ्यासाठी कोरायचा. मंत्र म्हणून रक्त वाहिलं नाही तोवर ते नुसतं लाकूड, त्याला कोण घाबरतंय?

पण व्यापाऱ्याला हवे असायचे जुने. मग हा त्यांना चुलीवर धुरात टांगायचा आणि वरून कोंबडीचं रक्त चोळायचा. मला मेलीला याचा पत्ताच नव्हता. एकदा सहज परसात गेले, तर याचे हात कोपरापर्यंत लाल.

"भावजी, हे काय? मंत्र कुणी म्हटले?"

"कसले मंत्र, वहिनी? रंग आहे हा. परदेशी गिऱ्हाइकाला जुनं वाटावं म्हणून."

"रक्त पाजलंत आणि रंग म्हणता? डोकं ठिकाणावर आहे ना?"

तो हसला. संध्याकाळी त्याची लेक तापाने फणफणली; इंडांगला तिचं नाव. "काकू, तो बसलेला माणूस माझ्याकडे बघतोय," असं बरळायला लागली. मूर्ती परसात, पोरगी घरात.

पुरोहित तायाबान आजोबांना बोलावलं. त्यांनी मूर्तीच्या ओठांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"लाकूड होतं तोवर ठीक होतं. तू याला खायची चटक लावलीस, पण कुणाचं घर राखायचं ते सांगितलं नाहीस. आता हा समोर दिसेल त्याला खाणार."

पुगोंग सुरी घ्यायला धावला. घरातलं एकुलतं डुक्कर कापलं, मूर्तीवर तांदळाची दारू ओतली. आजोबा पूर्वजांना नावानिशी हाका मारत होते आणि मी पोरीचे तळवे चोळत होते. ती आता जाते, असंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घाम फुटला आणि तिने भात मागितला. मी तर रडलेच.

निघताना आजोबा म्हणाले, "हा आता तुझा. दर कापणीला याला वाढायचं. विकायचं नाव काढू नकोस." मग दारात थबकले. "याच्याआधी अशा किती बुलुलांना रक्त चाखवलंस?"

पुगोंग बोटांवर मोजायला लागला आणि मोजतच राहिला. कुठल्या कुठल्या देशांत, कुणाकुणाच्या दिवाणखान्यात गेलेत ते, कोण जाणे. तिथे त्यांना कोण वाढणार? आणि भूक लागली की त्यांच्या ओळखीचं घर हे एकच.

छोटी इंडांगला अंगणात बसून भात खात होती. पुगोंगने आणि मी एकदमच तिला आत बोलावलं.