हात न लावायची ओळ

नगरच्या एमआयडीसीत आमचं चार माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. काम बेताचं आणि किस्से उदंड! एक सांगायला घेतला की तीन आठवतात.

आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम करतो. प्रत्येक केंद्राचा डेटाबेस वेगळा. त्या डेटाबेसशी बोलणारी फाईल म्हणजे ड्रायव्हर. प्रोग्रॅम चालू झाला की तो आयत्या वेळी ही फाईल शोधून लोड करतो. मी नवी, प्रोबेशनवर. देशमाने सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ड्रायव्हर कसा लोड होतो ते मला समजावून सांग, मग पर्मनंट." आणि मी मिरजगावला घरी 'पर्मनंट झाले' असं आधीच सांगून बसलेले!

*

"ह्या ओळीनं होतं काय?" कोडमधली एक ओळ दाखवून मी आमच्या सीनियर संतोषला विचारलं.

"ती असली की ड्रायव्हर लोड होतो."

"आणि नसली की?"

"काढून बघायची हिंमत कोनी केली न्हाई!"

*

मी केली. ओळ काढली, तरी प्रोग्रॅम टकाटक चालला! उड्या मारत सरांकडे गेले.

"परत टाक."

"पण का, सर?"

"आधी चालत होतं ना? मग हात लावू नको!"

*

दसऱ्याला आमच्याकडे कॉम्प्युटरची पूजा असते. आदल्या दिवशी साफसफाई. संतोषला फोल्डरमध्ये दोन ड्रायव्हर दिसले, एक जुना, एक नवा. जुना काढला, प्रोग्रॅम बंद. तो ठेवून नवा काढला, तरी बंद! दोन्ही ठेवले, चालू. दुसऱ्या दिवशी त्यानं मॉनिटरला दोनदा हळदकुंकू लावलं. मी तर पार चक्रावले.

*

मग सरांबरोबर पारनेरला गेले. तिथलं केंद्र अलकाताई चालवतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर नवं व्हर्जन टाकलं, फोल्डरमध्ये जाऊन प्रोग्रॅम उघडला. स्क्रीनवर आलं, 'ड्रायव्हर सापडला नाही.' अहो, तिथंच तर होता, डोळ्यांसमोर! पाचदा उघडलं, पाचदा तेच. सर माझ्याकडे बघायला लागले. गेली नोकरी!

"तिथून कशाला उघडता, बाई? ह्या आयकॉनवरून उघडा की," अलकाताई म्हणाल्या.

उघडलं. चाललं!

सर खुर्चीतून उठलेच. "ताई, हा आयकॉन कोणी करून दिला?"

"तुमीच की, सर! मागं आल्ता तवा. मी इचारलं, ह्याच्यावरूनच का चालतं? तर तुमी म्हनला, 'चालतंय ना? मग हात लावू नका!'"

परतताना वाटेत सुप्याजवळ सर म्हणाले, "सोमवारी पर्मनंटचं लेटर घेऊन जा."

"पण सर, ड्रायव्हर कसा लोड होतो ते मला अजून..."

"मी विचारलं का?"