चटणीच्या पाकिटाचा रंग

"ह्ये पाकीट मी फुडं मांडणार न्हाय." बापूंनी शालनकाकूंच्या चटणीचं पाकीट फळीवर उलटं करून ठेवलं. "चटणी झकास हाय, ताई. पण ह्यो रंग आमच्या पेठेत चालत न्हाय."

मी पाकीट सुलटं केलं. निळे-पिवळे उभे पट्टे. दिसायला काय वाईट होतं? पण पट्टे आमच्या पेठेच्या फुटबॉल टीमचे होते आणि बापूंचं किराणा दुकान समोरच्या पेठेत. कोल्हापूरबाहेरच्यांना हे पटायचं नाही, म्हणून सांगते. इथं पेठेला तालीम, तालमीला टीम आणि टीमला रंग. मॅच हरली की त्या घरात धड जेवण होत नाही. अशा घरात विरोधी टीमचा रंग ताटाशेजारी कोण ठेवणार?

मी ग्राफिक डिझायनर. पुण्यात शिकले आणि हौसेनं गावी परत आले. आल्यापासून कामं कसली, तर वाढदिवसाच्या फ्लेक्सची. एका फ्लेक्सवर इतकी तोंडं, की वाढदिवस नेमका कुणाचा ते हुडकावं लागायचं. त्यात 'माझा फोटो त्याच्यापेक्षा बारका का?' म्हणून भांडणं वेगळीच. जीव विटला होता. पुण्याच्या एका एजन्सीनं नोकरी देऊ केली होती आणि त्यांना आठवड्याभरात उत्तर हवं होतं. त्यातच आमच्या पेठेतल्याच शालनकाकूंचं काम आलं. माझं पहिलं पॅकेजिंग! हे जमलं तर राहायचं, नाहीतर बॅग भरायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

काकूंचंही बरंच अडकलं होतं. त्यांची कांदा-लसूण चटणी आमच्या पेठेत हातोहात खपायची. आता एक डिस्ट्रिब्युटर ती शहरभर न्यायला तयार होता. त्याची अट एकच, समोरच्या पेठेतल्या दुकानदारांनी माल ठेवायला हो म्हटलं पाहिजे. त्या भरवशावर काकूंनी गल्लीतल्या बायका कामाला घेतल्या होत्या.

पट्टे ही माझी कल्पना नव्हे. मी आधी साधं लाल पाकीट दाखवलं होतं. काकूंनी नाक मुरडलं. "तुझं काका गोलकीपर हुते टीमचे. पट्टे पायजेतच." क्लायंटपुढं शहाणपण चालत नाही. मी पट्टे दिले.

नशीब, अजून मॉकअपच होते. मॉकअप म्हणजे छपाईआधीचं नमुन्याचं पाकीट. खऱ्या छपाईला प्रत्येक रंगाचा धातूचा सिलिंडर बनवतात. तो बनल्यावर रंग बदलायचा म्हणजे सिलिंडर नवा. म्हणून नमुने आधी दुकानांत फिरवायचे असतात.

मी तडक काकूंच्या घरी गेले आणि बापू काय म्हणाले ते सांगितलं.

"रंग बदलू? मग आडनाव पण बदल की माझं!" काकू कडाडल्या.

"काकू, पाकीट उलटं करून ठेवलं त्यांनी."

"ठेवू दे. आमच्या पेठेत माल खपतोय न्हवं?"

"मग डिस्ट्रिब्युटरला काय सांगू? आणि त्या बायकांना?"

काकूंनी पदराला हात पुसले आणि चहा टाकायला आत गेल्या. म्हणजे राग आला होता, पण मुद्दा पोचला होता. काका खुर्चीत गुडघ्याला तेल चोळत बसले होते. ते मुळातच अबोल. मी वैतागून भिंतीकडं बघत बसले. भिंतीवर टीमचा जुना फोटो होता. सगळे पट्ट्यांत. मधोमध काका, चेंडू पोटाशी धरून, जांभळ्या जर्सीत.

"काका, तुमची जर्सी अशी का हो?"

"गोलकीपरला येगळा रंग घालाय लागतोय. रेफ्रीला वळखाय नगं व्हय?"

"मग हा जांभळा कुठल्या टीमचा?"

"कुणाचाच न्हाय. म्हणून तर घेतलता."

मी उठून उभीच राहिले. दुकानात चटण्या-मसाल्यांची फळी आठवून बघा. सगळी लाल पाकिटं. लालात लाल दिसतच नाही. तिथं जांभळं पाकीट ठेवलं तर दारातून नजर जाईल!

चहा घेऊन आलेल्या काकूंना मी हे सांगितलं. "चटणी आणि जांभळी? अगं बये, लोक म्हणतील सरबत हाय."

"मधे लालभडक चटणी दिसेल अशी पारदर्शक खिडकी ठेवू."

"पण आमचे पट्टे?"

तेव्हा काका बोलले. "शालन, मी मैदानात पट्टे कवा घातलेच न्हाईत. पर टीम माझीच हुती की."

काकूंनी एकदा फोटोकडं बघितलं. मग माझ्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "कर बाई जांभळं."

नवा मॉकअप घेऊन बापूंकडं गेले, तेव्हा काकाही निघाले. गुडघा दुखत होता, तरी ऐकेनात. बापूंनी पाकीट हातात फिरवलं.

"कुणाचा रंग म्हणायचा ह्यो?"

"गोलकीपरचा," काका म्हणाले.

बापूंनी चष्मा वर केला आणि काकांना निरखून बघितलं. "तुम्ही व्हय! आमची पेनल्टी अडिवली हुतीसा की फायनलला!"

"व्हय."

"लई शिव्या घातल्या हुत्या तुमास्नी."

"समद्या ऐकू येत हुत्या."

म्हटलं, गेलं काम. बापूंनी काउंटरवरची बरणी बाजूला सारली आणि पाकीट तिथं उभं केलं, गिऱ्हाइकाकडं तोंड करून. काकांसाठी स्टूल पुढं ओढलं. "बसा पावणं. कटिंग सांगतो."

बापूंनी पाकीट मांडलं म्हटल्यावर त्यांच्या पेठेतले बाकीचे दुकानदारही हो म्हणाले आणि डिस्ट्रिब्युटरनं माल उचलला. मी एजन्सीला नको म्हणून कळवलं. वाढदिवसाचे फ्लेक्स अजूनही करते, तोंडांची गर्दी तितकीच आहे. पण आता पॅकेजिंगची कामंही येतात आणि सकाळी कॉम्प्युटर लावताना कंटाळा येत नाही.

डिझाइन शिकणारी कॉलेजची मुलं विचारतात, "मॅडम, इन्स्पिरेशन कुठून घेता?" मी सांगते, क्लायंटच्या घरी चहाला नाही म्हणू नका आणि तिथं बसल्या बसल्या भिंतीवरचे फोटो बघा. बाकी डोकं कितीही चालू दे, सिलिंडर बनवायच्या आधी पाकीट एकदा समोरच्या पेठेत दाखवून या.