बापूंची काठी खांद्यावर

दवाखान्यातली औषधं संपायची, किस्से कधीच संपले नाहीत! भोर संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. मी विंझरच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमच्याकडे येणारी बरीचशी म्हातारी माणसं घरातल्या घरात पडून आलेली असायची.

डॉक्टर पुण्याचे, तरुण आणि भलतेच उत्साही. म्हणाले, "प्लॅस्टर घालत बसण्यापेक्षा माणसाला पडूच द्यायचं नाही!" झालं! दवाखाना आटोपला की आमची वरात घरोघर.

*

पहिल्याच घरी एक आजोबा कपाळाला पट्टी बांधून बसलेले.

"कुठं पडलात?"

"पडवीत."

"पडवीत कसे काय पडलात?"

"आता पडवीत न्हाई पडायचं तर कुठं पडायचं, साहेब?"

डॉक्टरांनी वाटेतला पाटा उचलून भिंतीकडेला ठेवला.

*

दुसऱ्या घरी न्हाणीच्या दगडावर हे शेवाळ! डॉक्टर बुटांसकट वर चढले. "आजी, हा राखेनं घासा, नाहीतर असा पाय सरकतो आणि..."

आणि सरकलाच की हो! साहेब धाडकन खाली.

आजी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "कळलं साहेब, आता परत नगा दाखवू!"

दगड त्याच दिवशी घासला गेला. साहेबांच्या कमरेला मी तेल चोळलं.

*

खरी पंचाईत पासलीच्या वरच्या धनगरवाड्यातल्या बापूंची. अंगणाच्या पायऱ्यांवरून ते पडले होते. लेकानं बजावलं, "आता एकदा पडलासा की शेळ्यांमागं जायाचं बंद!" म्हातारा रडकुंडीला आला. शेळ्यांशिवाय हा माणूस जगणार कसा, याचा मलाच घोर लागला.

डॉक्टर म्हणाले, "काठी वापरा."

"जल्मात काठी सोडली न्हाई!"

खरंच होतं. काठी कायम जवळ. फक्त आडवी, खांद्यावर!

"अहो बापू, जमिनीला टेकवा की!"

"ही शेळ्यांची काठी हाय, साहेब. टेकली की शेळ्या वळखत्यात, म्हातारा थकला. मग ऐकतंय कोन?"

डॉक्टर बापूंच्या कारभारणीकडे, ठकूआजींकडे वळले. "मग तुम्ही त्यांचा हात धरत जा."

"अगं बया! चारचौघांत?" आजींनी तोंडच फिरवलं. आम्ही हात हलवत परत आलो.

*

पावसाळा सरल्यावर पुन्हा वर गेलो. वाटलं, बापू आता घरी बसलेले दिसणार. तर समोरून शेळ्या येताहेत, मागं बापू, काठी खांद्यावर, आणि दुसऱ्या हातात ठकूआजींचा हात! मला इतका आनंद झाला म्हणता!

"हिचं गुडघं गेल्यात," बापू ऐटीत म्हणाले. "धरून न्यावं लागतंय. सोडली की पडंल बिचारी."

ते शेळ्या कोंडायला गेले. डॉक्टर लगेच काळजीनं पुढं झाले. "आजी, बघू गुडघे!"

आजींनी आधी गोठ्याकडं बघून घेतलं.

"गुडघ्यांस्नी काय धाड भरलीया? हळू बोला की, त्यांस्नी ऐकू जाईल!"